बॅटरीवरचं कुंकू

आमच्या गाडीची बॅटरी उजव्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणामागे होती आणि तिच्यात पाणी घालायचं काम माझं होतं. दर रविवारी झाकण काढायचं, तीन बुचं उघडायची आणि दुकानातून आणलेलं शुद्ध पाणी बारीक धारेनं रेघेपर्यंत सोडायचं. नळाचं पाणी घातलं की बॅटरी मरते असं ह्यांनी मला बजावलं होतं. ते मी इतकं मनावर घेतलं होतं की त्या बाटलीला हात लावायच्या आधी हात धुऊन, पुसून, पदरानं परत पुसायची. तशी मी कशाला भीत नव्हते हेच विचारावं.

‘हे’ म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय कधी लागली नाही, आणि आता लिहितानाही हात वळत नाही.

माझं माहेर बेल्याकडचं, महाराष्ट्राच्या हद्दीलगतच्या कापसाच्या पट्ट्यातलं. सहावीत असताना आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तान्ह्याकडं पाहायला कुणी नव्हतं, म्हणून चार दिवस शाळा बुडवली. ते चार दिवस मग संपलेच नाहीत. लग्न होऊन मंचेरियलला आले ते नव्वदच्या जरा आधी. जिल्हा तोच, आदिलाबाद, पण माहेरी जायचं तर बसगाड्या बदलता बदलता दिवस मावळायचा. पाट्या तेलुगू, बाजार तेलुगू, दळणाची रांग तेलुगू. मी पहिले सहा महिने बोटांनी दाखवून भाजी घेतली.

खोली गावाबाहेर होती. घरमालकीण एक तेलुगू बाई, नवरा गेलेला, मुलगा लांब नोकरीला. मी त्यांना अम्मा म्हणायची. त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं त्यांना, तरी त्या परक्या गावात मी टिकले ती त्यांच्यामुळं. ताप आला तेव्हा उशाशी बसल्या, चूल पेटेना तेव्हा आपल्या चुलीतला निखारा दिला. पुढं मी कितीतरी घरं पाहिली, तसं दार मात्र पुन्हा मिळालं नाही.

हे कोळशाच्या खाणीत बदली कामगार होते. बदलीवाल्यानं वर्षात ठरलेल्या हजेऱ्या भरल्या तरच त्याचं नाव पक्क्या नोकरीसाठी जायचं. एक कमी पडली तरी वर्ष वाया, जानेवारीपासून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आदल्या वर्षी ह्यांना विषमज्वर झाला आणि चार हजेऱ्या कमी पडल्या. म्हणून यंदा मी भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवत होते. खाण लांब, पहिल्या पाळीची बस आमच्या बाजूला यायची नाही. एका निवृत्त झालेल्या माणसाची जुनी मोटारसायकल ह्यांनी त्यासाठीच घेतलेली. तिचं सगळं बॅटरीवर होतं. बॅटरीत जीव असेल तर ती पेटायची, नसेल तर दहा माणसांनी ढकलली तरी गप्प.

डिसेंबरात ती तशी गप्प झाली. कामाचे बारा दिवस उरले होते आणि हजेऱ्या हव्या होत्या अकरा.

त्या सकाळी ह्यांनी किका मारून मारून पाय सुजवून घेतला. मी मागून ढकलत अम्मांच्या चिंचेपर्यंत गेले, तिथून रेल्वे फाटकापर्यंत. गाडीनं एकदा खोकल्यासारखं केलं, तेवढंच.

“राहू दे,” हे म्हणाले. “मेली ते.”

“म्या पाणी तर रविवारीच घातलं होतं.”

“तुह्या पाण्यानं काय होते? म्हाताऱ्याच्या तोंडात पाणी घालून थो उठून बसते का?”

ते हसले, पण मला हसू आलं नाही. एवढ्यात पाळीची वेळ गेली होती. जी एक हजेरी हाताशी होती ती गेली. आता अकरा दिवस आणि अकरा हजेऱ्या. घरी येऊन मी भिंतीवरच्या रेघा तीनदा मोजल्या. तीनदा तेवढ्याच भरल्या.

दुसऱ्या दिवसापासून हे अंधारातच फाटकावर जाऊन कोळशाच्या रिकाम्या ट्रकांना हात करायला लागले. ते असे गेले की दिवसभर दुकानात जायला माणूस नाही. मग बॅटरी मीच न्यायची ठरलं. जुनी बॅटरी घमेल्यात ठेवली, वर फडकं टाकलं आणि बसनं गावात गेले.

बॅटरीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, आत ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या, प्रत्येकीला लाल-काळ्या तारा, आणि आंबूस, घशात बसणारा वास. दुकानदार पन्नाशीचे, हातावर पांढरे डाग. मी माझ्या मोडक्या हिंदीत सुरू केलं. त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

“बाई, कुठल्या तुमी?”

“बेल्याकडची.”

“मग मराठीत बोला की. मी मुधोळचा, आपल्याच जिल्ह्यातला. उगीच हिंदीचा जीव घेऊ नका.”

मला इतकं बरं वाटलं की मी न विचारता त्यांना हजेऱ्यांचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकता ऐकता जुनी बॅटरी उलटीसुलटी करून बाजूला ठेवली आणि नवी काढली. ती कोरडी असते, त्यात तेजाब, म्हणजे ॲसिड, भरून एक दिवस एक रात्र हळूहळू चार्ज करावी लागते, घाई केली तर आयुष्य निम्मं होतं, असं म्हणाले.

“आजच नाही का होणार?”

“होईल. मग उन्हाळ्यात परत याल रडत. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी घेऊन आले. दुकानदारांनी निघताना सांगितलं होतं, उभी धरा, आडवी करू नका, आपटू नका. मी सबंध वाटभर ती मांडीवर धरून बसले, तान्हं मूल धरावं तशी. आमचा थांबा आला तेव्हा कंडक्टर “दिगू, दिगू” म्हणत घाई करायला लागला, म्हणजे उतर लवकर. एका हातात घमेलं, एका हातात पदर. उतरताना घमेलं दाराच्या लोखंडी दांड्यावर आदळलं. ठण्ण आवाज झाला. मी खाली उतरून सगळीकडून बघितलं. कुठं फुटलेलं दिसलं नाही. दिसलं नाही म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी बॅटरी बसवली. पहिल्याच किकला गाडी पेटली, हॉर्न असा वाजला की अम्मांची कोंबडी उडाली. मी पूजेचं ताट आणलं.

“बॅटरीची पूजा?” हे म्हणाले. “उद्या बल्बले पण नारळ फोडशील.”

पण हात जोडून उभे राहिले. आमच्याकडं नवीन काही घरात आलं, सुई असो की बैलगाडी, की हळदकुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. माझ्या डबीत माहूरचं कुंकू होतं, आईनं देवीहून आणून बरोबर दिलेलं. वर हळद, खाली हे कुंकू, असं एक बोट मी गाडीच्या पुढच्या मडगार्डला लावलं आणि एक बॅटरीच्या बाहेरच्या बाजूला, कोपऱ्याजवळ, जिथं हात पोचत होता.

सकाळी हे चहा घेत होते तेव्हा मी झाकण काढून पाहिलं. बॅटरीवरचं कुंकू पिवळं पडलं होतं.

आधी वाटलं हळदीचंच बोट दिसतंय. पण हळद वर होती, तशीच. तिच्याखाली जिथं मी लाल टिळा लावला होता तिथंही पिवळं, ओलसर, हळदीसारखं. मडगार्डवरचं मात्र लालभडक.

लिहायला सोपं आहे. पण ज्या बाईचा नवरा रोज जमिनीच्या पोटात उतरतो तिला कुंकू उतरलेलं दिसलं तर तिचं काय होत असेल, ते मी कसं सांगू? पदराच्या टोकानं मी ते पुसलं, डबीतून चिमूटभर घेऊन पुन्हा लावलं आणि झाकण बंद केलं. हे बाहेर आले.

“काय पाह्यते?”

“काई नाई. दोरी ढिली झाली होती झाकणाची.”

त्यांना सांगायचं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बाया, तेलुगू असोत की मराठी, पाळीवर निघालेल्या माणसापुढं वाईट शब्द काढायच्या नाहीत. रात्री वाईट स्वप्न पडलं तर ते विहिरीला सांगायच्या, नवऱ्याला नाही. खाली गेलेल्या माणसाचं लक्ष हलता कामा नये. वरचं छत कधी कुरकुरतं ते कानानं ओळखावं लागतं म्हणे.

संध्याकाळी हे आले. हात धुवायला गेले तसं मी झाकण उघडलं. पुन्हा पिवळं. मी पुसलं, पुन्हा लावलं. सकाळी पुन्हा तेच. बोटांची टोकं चुरचुरायला लागली होती, नखाशेजारची कातडी सुटत होती. मला वाटलं, देवी मला सांगतेय की हात लावू नकोस.

तिसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी अम्मांच्या दारात जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या.

“एमैंदम्मा?” काय झालं गं?

मी तेलुगू-हिंदी-मराठीची खिचडी करून सांगितलं. अम्मांनी सूप खाली ठेवलं. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि त्यांनाच मी हे सांगत होते, हे मला बोलून झाल्यावर सुचलं. त्या उठल्या. आत गेल्या आणि सुनेसाठी आणून ठेवलेली, दुकानाचा कागद न काढलेली एक डबी माझ्या हातात दिली. हे लाव, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हे निघायच्या आधी ते लावलं. रात्रीही ते लालच होतं. त्याच्या दुसऱ्या सकाळीही लाल.

कुणाला वाटेल मला हायसं वाटलं असेल. उलट झालं. बाजारातलं कुंकू टिकतं आणि माहूरचं टिकत नाही, म्हणजे रागावलंय ते आपलंच दैवत. काय चुकलं ते मी शोधत बसले. माहेरून निघताना ओटी नीट भरली नव्हती का, गेल्या नवरात्रात दिवा मध्येच विझला होता तो कुणाला सांगितला नव्हता, तो का? दिवसभर असंच. भाकरी करपायच्या. हे म्हणायचे, “लक्ष कुठं हाय तुहं?” आणि मी म्हणायची, “इथंच.”

अम्मांचं कुंकू लावलेल्या दुसऱ्याच दिवशी ह्यांनी घरी येता येता हॉर्न दाबला तो घोगरा वाजला. म्हणाले, नवीन बॅटरी बसायला वेळ घेत असंल. त्याच्या पुढच्या दिवशी, आठव्या हजेरीला, गाडी वाटेत बंद पडली. ह्यांनी ती अर्धा कोस ढकलत नेली, एका पानठेल्यामागं टाकली आणि उरलेलं अंतर पळत गेले. हजेरी घेणारा वही मिटत होता. ह्यांच्या अंगाचा घाम बघून त्यानं पुन्हा उघडली. संध्याकाळी एका ट्रकवाल्यानं गाडीसकट त्यांना फाटकावर आणून सोडलं.

हे ओट्यावर बसून सांगत होते आणि माझ्या डोळ्यापुढं ती वही मिटत होती, उघडत होती. अजून तीन उरल्या होत्या. उद्या ट्रक नाही मिळाला तर? मी गप्प बसले तर नोकरी जाते, बोलले तर हे भ्यालेल्या मनानं खाली उतरतात. दोन्हीकडून मीच गुन्हेगार.

“अवो,” मी म्हटलं, “बॅटरीवरचं कुंकू पिवळं पडून राह्यलं.”

“कायचं कुंकू?”

“पूजेचं. पह्यल्या दिवसापासून. म्या रोज पुसून नवीन लावलं.”

ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. बुटाची नाडी सोडता सोडता हात थांबला. मग माझ्या कपाळाकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. तेव्हा मला कळलं की तेही माझ्याएवढेच भितात, फक्त सांगत नाहीत.

“मले काऊन नाई सांगतलं?”

“तुमी खाली जाता.”

“मंग? खाली जातो मी. बॅटरी तं वरच राह्यते ना.” बोलले हळूच. मग उठले, झाकण काढलं, बॅटरी सोडवून घमेल्यात ठेवली. “चाल. ज्यानं देल्ली त्यालेच विचारू. देवीले मंग विचारू.”

दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. मुधोळच्या दुकानदारांनी बुचं उघडून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तीनपैकी एक कप्पा जवळजवळ कोरडा.

“पाणी सांडलं का?”

“नाई,” हे म्हणाले. “हिले इचारा. तिच्याजवळ एक येगळंच हाय.”

मी खाली मान घालून कुंकवाचं सांगितलं. माहूरचं उतरतं, बाजारचं राहतं, तेही सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर फडक्यानं बॅटरी कोरडी पुसली आणि दिव्याखाली धरून कोपऱ्यावर नख फिरवलं. मधल्या उंचीपासून खालपर्यंत केसाएवढी चीर होती.

“माहूरचं कुंकू कशाचं करतात, ठाऊक आहे का बाई?”

“हळदीचं.”

“हळदीत चुन्याचा नाहीतर खाराचा हात लागला की ती लाल होते. त्याच्यावर लिंबू पिळा, परत पिवळी. हे आतलं तेजाब म्हणजे लिंबाचा बाप. चिरीतून थेंब थेंब येतंय, तुमचं कुंकू धुतंय. बाजारातली डबी म्हणजे नुसता रंग, त्याला काय धाड भरली? तुमच्या देवीनं पहिल्याच सकाळी सांगितलं होतं, बॅटरी गळते म्हणून. तुमीच पुसून टाकत होता.”

ह्यांना हसू फुटलं. मला रडू. मग मी त्या बसच्या दांड्याचं सांगितलं, ते ठण्ण, आणि मी गप्प राहिले ते. माझा पदर दुकानदारांनी बघितला. टोकाला बारीक बारीक भोकं पडली होती. उंदीर लागला म्हणून मी अम्मांच्या घरात सापळा मांडायला लावला होता.

“हात दाखवा,” दुकानदार म्हणाले. बोटांची सोललेली टोकं पाहून नोकराला सोड्याचं पाणी आणायला लावलं. “तीन-चार दिवस तेजाबात बोटं घालत होत्या, आणि भीती कशाची, तर कुंकवाची.”

आपटलेल्या बॅटरीची जबाबदारी दुकानाची नसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, जरा रागानंच. पण आपल्या भाषेतला राग होता तो, मला लागला नाही. मग कोपऱ्यातून एक वापरलेली, भरलेली बॅटरी उचलून ह्यांच्या पुढं ठेवली. तुमची चीर मी तापल्या सळईनं बुजवतो, पण घाईनं नाही. तोवर ही न्या. आधी हजेऱ्या होऊ द्या. ना कागद, ना काही लिहून घेणं. आम्ही कोण, कुठले, एवढंच त्यांना ठाऊक, की बेल्याकडची बाई आहे. आजही कुणी मुधोळचं भेटलं की मी उगीचच त्यांना चहा घ्या म्हणते.

त्या तीन दिवसांत मी काहीच नीट खाल्लं नाही. कारण कळलं म्हणून भीती जाते, असं नसतं. गाडी रोज पेटत होती आणि मी रोज ती पेटेपर्यंत श्वास धरून उभी असायची. शेवटच्या दिवशी हे आले, गाडी लावली आणि आत येऊन म्हणाले, “भरली.” तेवढंच. जेवले, झोपले. सकाळी मी अम्मांना सांगायला गेले तर त्यांनी गुळाचा भात करून ठेवला होता. त्यांना आदल्या दिवशीच गाडीच्या आवाजावरून कळलं होतं म्हणे.

नाव पक्क्या यादीत लागल्याचा कागद यायला पुढचे काही महिने गेले. ह्यांनी तो मला वाचून दाखवला. इंग्रजी होता, म्हणजे त्यांनाही निम्माच कळला. पण त्यांचं नाव त्यात होतं ते मी बोट ठेवून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीच्या वेळेला उठले. मी चहा ठेवला.

“आज राहा ना घरी,” मी म्हटलं. “आता एखादी चुकली तं चालते ना?”

“पक्क्या माणसाले रजा मांडा लागते, वो. मनात आलं म्हणून राहता येत नाई.” डबा अडकवता अडकवता ते हसले. “आता तं साठीपर्यंत रोज जा लागते.”

साठीपर्यंत. ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. वर्षभर मी रेघा मोजल्या होत्या त्या एवढ्यासाठी, हे मला त्या दारात उभं राहून कळलं. मी कपाट उघडून काहीतरी शोधल्यासारखं केलं, म्हणजे तोंड दिसू नये. बाहेर ते गाडी अंगणातून काढत होते. आणि त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं, आज ती पेटू नये.

पहिल्याच किकला पेटली.